भ्रमाची कैफियत : दोन कायदेपंडितांची आत्मवृत्ते

वेडा मनुष्य साहित्यात येतो तो बहुधा शहाण्याच्या लेखणीतून. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, आणि त्या राजपुत्राचे वेड खरे की पांघरलेले हा जुना प्रश्न त्याच्यासह मराठीत आला. खाडिलकरांनी ‘सवाई माधवराव यांचा मृत्यु’ या नाटकात एका कोवळ्या पेशव्याचे ढासळत जाणारे मन रंगभूमीवर उभे केले. गडकऱ्यांचे ‘वेड्यांचा बाजार’ हे अपुरे राहिलेले नाटक तर नावापासूनच प्रेक्षकांस हसविण्यास सज्ज आहे. करुणरसासाठी असो वा हास्यासाठी असो, वेडा हा येथे पाहावयाचा विषय आहे. त्यास स्वतःस काय दिसते, काय ऐकू येते, आणि हे सर्व तो कोणत्या तर्काने स्वतःस समजावून देतो, हे सांगण्याचा अधिकार त्यास क्वचितच मिळतो.

तो अधिकार ज्यांनी स्वतः मिळविला अशा दोघांच्या पुस्तकांविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे. एक आहे डानिएल पाउल श्रेबर या जर्मन न्यायाधीशाचे. ते लाइप्झिग येथे १९०३ साली छापले गेले आणि ‘मेम्वार्स ऑफ माय नर्व्हस इलनेस’ या नावाने १९५५ साली इंग्रजीत आले. दुसरे एलिन सॅक्स या अमेरिकन विदुषीचे ‘द सेंटर कॅनॉट होल्ड’. ते २००७ सालचे. दोहोंत एका शतकाचे अंतर आहे. एकाची भाषा जर्मन राज्यकारभाराची, दुसऱ्याची सुबोध आणि वेगवान. तरी दोघेही कायद्यात मुरलेले, पुरावा तोलण्याची सवय झालेले, आणि दोघांसही ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव चिकटलेले. एकास मरणोत्तर, दुसरीस विद्यार्थिदशेत. ह्या नियतकालिकाचे बहुसंख्य वाचक दिवसभर टिपणे, हुकूम आणि अपिले यांच्या सहवासात असतात. त्यांना ही दोन पुस्तके इतर कोणाहीपेक्षा अधिक लवकर उमगतील, असा आमचा समज आहे.

प्रथम त्या नावाविषयी. झुरिकचे मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी हा शब्द १९०८ साली योजला. दुभंगणे आणि मन या अर्थांच्या दोन ग्रीक धातूंपासून तो बनला. मराठीत त्याचे ‘छिन्नमनस्कता’ झाले. विचार, भावना आणि कृती यांची परस्परांशी असलेली गाठ सुटते, एवढेच ब्लॉयलरना म्हणावयाचे होते. परंतु लोकांनी त्याचा अर्थ ‘एका देहात दोन माणसे’ असा करून घेतला, आणि ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ या शब्दाने आमच्या कथाकारांची आणि चित्रपटवाल्यांची मोठीच सोय करून ठेवली. दिवसा सज्जन आणि रात्री खुनी अशा नायकाचा ह्या आजाराशी काडीचा संबंध नाही. जपानमधील मनोवैद्यांनी २००२ साली जुने नाव टाकून ‘संयोजन बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले, ते काही उगाच नव्हे. नावाने माणसावर केवढा अन्याय होऊ शकतो, हे आम्ही पुढे पाहणारच आहोत.

आजाराचे स्वरूप थोडक्यात असे. तो बहुधा विशीच्या आसपास प्रकट होतो. कोणी नसता आवाज ऐकू येतात. आपल्याविरुद्ध कट शिजत आहे अशा अढळ समजुती बनतात. बोलण्याचा दुवा तुटतो. ही लक्षणे सर्वांच्या नजरेत भरतात. पण त्यांच्या जोडीला दुसरी एक मूक लक्षणांची रांग असते: उमेद ओसरणे, माणसांतून उठून जाणे, आंघोळ-कपड्यांचे भान न राहणे. हुशार म्हणून नावाजलेला मुलगा एकाएकी अभ्यास सोडून भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, आणि घरचे त्यास आळशी म्हणून दोन-दोन वर्षे बोल लावीत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे दोन कोटी चाळीस लाख लोकांस हा आजार आहे. म्हणजे तीनशे माणसांमागे एक. अनुवंशाचा त्यात मोठा वाटा आहे, तरी एकाच बीजाच्या जुळ्यांपैकी एकास तो झाला म्हणून दुसऱ्यास होतोच असे नाही. एवढी माहिती हाती घेऊन आता श्रेबरकडे वळू.

श्रेबरचा जन्म १८४२ चा. वडील डॉ. मोरित्झ श्रेबर हे मुलांच्या शारीरिक शिक्षणावर ग्रंथ लिहिणारे नामांकित वैद्य. मोठ्या भावाने १८७७ साली स्वतःस गोळी घालून घेतली होती. श्रेबर न्यायखात्यात एकेक पायरी चढत गेला. १८८४ मध्ये राइशस्टागच्या निवडणुकीत पडल्यानंतर तो प्रथम आजारी झाला, लाइप्झिगमध्ये प्राध्यापक फ्लेक्सिश यांच्या रुग्णालयात सहा महिने राहिला आणि बरा होऊन कामावर गेला. पुढची आठ वर्षे सुखाची. मग १८९३ साली, एकावन्नाव्या वर्षी, त्यास ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात पीठाध्यक्षाचे पद मिळाले. त्या पीठावरील इतर न्यायाधीश जवळजवळ सर्व त्याच्याहून वयाने वडील, काही तर वीस वर्षांनी. त्यांच्यापुढे आपली योग्यता सिद्ध करण्यासाठी त्याने रात्रीचा दिवस केला. शहर नवे होते, ओळखीपाळखी नव्हत्या, संध्याकाळी जावे असे घर नव्हते. थोड्याच आठवड्यांत झोप उडाली. बढती, बदली आणि परके गाव हा त्रिवेणी संगम आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. हे सर्व श्रेबरने स्वतः नोंदविले आहे. मात्र त्यामुळेच आजार आला असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. बदल्या हजारोंच्या होतात. जे मन आधीच कोठेतरी चिरलेले असते त्यावर ओझे पडले की चीर उघडते, इतकेच फार तर म्हणता येईल.

यानंतर नऊ वर्षे श्रेबर रुग्णालयांत होता, त्यांतली बहुतेक पिर्नाजवळच्या झोनेनश्टाइन या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात. तेथेच १९०० साली त्याने आपले हे वृत्त लिहिले. त्यात जे जग आहे ते असे. ईश्वर म्हणजे केवळ ज्ञानतंतूंचा अनंत समूह. त्याचे किरण श्रेबरच्या ज्ञानतंतूंशी जोडले गेले आहेत आणि आता सुटू शकत नाहीत. फ्लेक्सिशने आपला ‘आत्मवध’ केला आहे. विश्वाचा क्रम बिघडला आहे, सभोवती वावरणारी माणसे खरी नसून घाईने बनविलेली क्षणिक आकृती आहेत, आणि नवी मानवजात निर्माण व्हावी म्हणून श्रेबरचे हळूहळू स्त्रीत रूपांतर होत आहे. ईश्वराचे खालचे आणि वरचे असे दोन भाग असून त्यांची नावे अहरिमन आणि अहुरमज्द. ही पारशी दैवते ड्रेस्डेनच्या न्यायाधीशाच्या डोक्यात शिरली ती त्याच्या वाचनातून. भ्रमही आपले सामान घरच्याच कपाटातून काढतो.

अशा पुस्तकाकडे दोन प्रकारे पाहण्याचा मोह होतो. एक, विचित्र वस्तुसंग्रहालय म्हणून. दुसरा, गूढ काव्य म्हणून. आमच्या मते दोन्ही चूक. श्रेबरच्या पुस्तकाची खरी शक्ती त्याच्या दप्तरी गद्यात आहे. तो प्रतिज्ञा मांडतो, तिला तळटीप जोडतो, तळटिपेत अपवाद सांगतो, मागील प्रकरणातील विधानात दुरुस्ती करतो, परिशिष्टे लावतो. आपण जे ऐकले ते आणि त्यावरून आपण जे अनुमान केले ते, यांत तो सतत भेद करतो. अनुभवाविषयी त्यास तिळमात्र शंका नाही. स्पष्टीकरणाविषयी मात्र तो जपून बोलतो. बुद्धी गेली म्हणजे वेड आले, ही आपली सर्वसाधारण कल्पना ह्या एका पुस्तकाने कायमची मोडावी. येथे बुद्धी शाबूत आहे आणि अहोरात्र कामास जुंपली आहे. तिच्यापुढे येणारा पुरावाच खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचे तिला कळण्याचा मार्ग बंद झाला आहे.

दोन ठिकाणी हे पुस्तक वाचकास विशेष थांबविते. पहिले त्याच्या ‘लिहून ठेवण्याच्या व्यवस्थे’चे वर्णन. श्रेबर म्हणतो की, आपले सर्व विचार, आपले सर्व शब्द, आपल्या मालकीच्या वस्तू, आपल्या परिचयाची माणसे, ह्या सर्वांची नोंद वर्षानुवर्षे कोठेतरी वह्यांतून चालू आहे. नोंद कोण करतो हे त्यास नक्की ठाऊक नाही. पण त्याचे अनुमान असे की, दूरच्या एखाद्या ग्रहगोलावर बसलेले, ज्यांना मन म्हणून नाहीच असे कोणी जीव ती यंत्रवत् करीत असावेत. आणि जो विचार पूर्वी एकदा येऊन गेला तो पुन्हा मनात आला, की वरून आवाज येतो : हे आमच्याकडे आधीच आहे. आयुष्य कचेरीत घालविलेला मनुष्य हे वाचून प्रथम हसेल. मग त्याच्या लक्षात येईल की, आपल्या प्रत्येक विचारावर आवक क्रमांक पडतो आहे अशा स्थितीत एक मनुष्य सात-आठ वर्षे जगला.

दुसरे स्थळ पक्ष्यांचे. बागेतले पक्षी त्याच्याशी बोलतात, पण त्यांना स्वतः बोललेल्या शब्दांचा अर्थ कळत नाही. पढविलेली वाक्ये ते ओकून टाकतात. त्यांना चकविण्याचा एक उपाय श्रेबरला सापडतो. अर्थाने भिन्न पण कानाला सारखा लागणारा शब्द त्यांच्या बोलण्यात मध्येच टाकला की ते घोटाळतात. संध्याप्रकाश आणि श्वासरोध या अर्थांचे दोन जर्मन शब्द तो त्यासाठी वापरतो. ते दोन शब्द एकमेकांचे यमक आहेत. कवी ज्या साधनाने अर्थ जोडतो त्याच साधनाने हा पीडित मनुष्य अर्थहीन आवाजाचा मारा थोपवितो! तसेच, आवाजांची कटकट असह्य झाली की तो पियानो वाजवितो, फ्रेंचमध्ये आकडे मोजतो, आणि मनातल्या मनात कविता म्हणतो. शिलरची दीर्घ कथागीते त्याने ह्यासाठी मुद्दाम पाठ केली. गटेच्या व शिलरच्या नाटकांतील उतारे पाठ केले. कमी पडले तेव्हा लहान मुलांची गमतीची पद्येही केली. पाठांतराचा असा उपयोग कोणत्याही शिक्षणशास्त्र्याने सांगितलेला आमच्या वाचनात नाही. साहित्याचे प्रयोजन काय, ह्या प्रश्नावर आमच्याकडे मम्मटापासून चर्चा चालू आहे. शिवेतरक्षति, अमंगलाचा नाश, हे प्रयोजन त्याने सांगितले आहे, आणि त्याचे उदाहरण आम्हांस झोनेनश्टाइनच्या एका खोलीत मिळते.

पुस्तक निर्दोष नाही. ते रटाळ आहे. तीच तीच तक्रार पुनःपुन्हा येते. मधली काही प्रकरणे तर संयमाची परीक्षा पाहणारी आहेत. पण तो रटाळपणाही खरा आहे. भ्रम रोमांचक असतो ही समजूत निरोग्यांची. रोग्याच्या वाट्यास बहुतेक वेळ येतो तो कंटाळा.

आता पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या कागदपत्रांविषयी सांगितले पाहिजे. कारण आमच्या मते ह्या ग्रंथाचा कळस तेथे आहे. श्रेबर आजारी पडल्यावर त्याचे व्यवहार पालकाच्या हाती गेले होते. १ जानेवारी १९०० पासून जर्मनीत नवा नागरी कायदा अमलात आला. जो मानसिक आजारामुळे आपले व्यवहार पाहण्यास असमर्थ आहे त्यासच पालकत्वाखाली ठेवावे, असे त्यात होते. ह्या एका वाक्यावर श्रेबरने लढा दिला आणि तो स्वतः दिला. खालच्या न्यायालयात तो हरला. इस्पितळाचे संचालक डॉ. वेबर यांचा अहवाल त्याच्याविरुद्ध होता. परंतु अहवाल प्रामाणिक होता. हा गृहस्थ कित्येक महिने आपल्या कुटुंबाच्या जेवणाच्या मेजावर पाहुणा म्हणून बसला, कायदा, राजकारण, कला यांवर मार्मिक बोलला आणि स्त्रियांशी सदैव अदबीने वागला, असे वेबरनी त्यातच लिहिले आहे. श्रेबरने अपिलात आपला भ्रम नाकारला नाही. वकिलाने हळूच कानात सांगितले असते, तर कदाचित शहाणपणाचा आव आणणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. माझा ईश्वराविषयीचा अनुभव मला सत्य वाटतो, तुम्हांस तो रोग वाटतो, तेही असो. परंतु मला माझा पैसा, माझी पत्रे आणि माझा विवाह सांभाळता येतो की नाही, एवढाच तुमच्यापुढील प्रश्न आहे, अशी त्याची मांडणी होती.

जुलै १९०२ मध्ये, ज्या न्यायालयात तो एकेकाळी पीठाध्यक्ष होता त्याच ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयाने पालकत्व रद्द केले. निकालाचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. अपीलकर्ता मानसिक दृष्ट्या आजारी आहे ह्यात न्यायालयास शंका नाही. पण आजार आणि असमर्थता ह्या दोन गोष्टी आहेत. तो कधी कधी मोठ्याने डरकाळ्या फोडतो. तो प्रश्न शेजाऱ्यांचा आणि पोलिसांचा. तो फिती आणि खोटे अलंकार विकत घेतो. त्यात त्याची इस्टेट बुडत नाही. तो हे पुस्तक छापू इच्छितो आणि त्यामुळे त्याची बदनामी होईल. ती ओढवून घेण्याचा त्यास अधिकार आहे. डिसेंबरात श्रेबर घरी गेला. पत्नी आणि एक दत्तक मुलगी यांच्या समवेत तो पुढे काही वर्षे बऱ्यापैकी जगला. १९०७ मध्ये आई वारली, पत्नीस अर्धांगाचा झटका आला आणि आजार परतला. १९११ च्या एप्रिलमध्ये लाइप्झिगजवळच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. ब्लॉयलरचा स्किझोफ्रेनियावरील ग्रंथ त्याच वर्षी निघाला, आणि श्रेबरवरील फ्रॉइडचा सुप्रसिद्ध निबंधही.

फ्रॉइडने श्रेबरला कधी पाहिले नव्हते. त्याने केवळ पुस्तक वाचले. म्हणजे त्याचा निबंध हा एका अर्थी ग्रंथपरीक्षणच आहे, आणि ग्रंथपरीक्षण म्हणूनच तो तपासला पाहिजे. दडपलेली समलिंगी वासना आणि पित्याविषयीची जुनी गाठ यांतून सारा भ्रम उगवला, असे त्याचे म्हणणे. पुढे १९५० नंतर विल्यम नीडरलँड यांनी वडिलांचे ग्रंथ उकरून काढले. मुलांनी ताठ बसावे म्हणून त्यांनी बनविलेल्या पट्ट्या आणि सांगाडे यांत पुत्राच्या भ्रमातील शारीरिक छळांचे मूळ त्यांना दिसले. वाचताना हे फार पटते. एवढे पटते म्हणूनच आम्हांस त्याची भीती वाटते. भ्रमाचा आशय कोठून आला हे सांगणे वेगळे आणि आजार कशाने झाला हे सांगणे वेगळे. श्रेबरला झालेला आजार स्किझोफ्रेनियाच होता काय, ह्याविषयी देखील आजच्या काही अभ्यासकांत मतभेद आहे. आणि ‘घरच्यांनी वेड लावले’ हा सिद्धान्त पुस्तकातून बाहेर पडला तेव्हा त्याने किती घरे जाळली! १९४८ साली अमेरिकेत ‘स्किझोफ्रेनिया उत्पन्न करणारी माता’ असा एक शब्दप्रयोग प्रचारात आला, आणि पुढची दोन-तीन दशके आजारी मुलांच्या आया डॉक्टरांपुढे आरोपी होऊन बसल्या. तो सिद्धान्त संशोधनापुढे टिकला नाही. आमच्याकडे मात्र आईच्या जागी करणी, साडेसाती किंवा ‘लग्न झाले की सुधारेल’ हा सल्ला येतो, आणि तोही तितकाच टिकाऊ ठरला आहे.

दुसरा मोह आम्हां मराठी लोकांचा खास आहे. वेड हा शब्द आम्ही भक्तीसाठीही वापरतो. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू लोकांस वेडे वाटत, आणि म्हाइंभटाने त्यांच्या ज्या लीळा टिपल्या त्यांत ते वागणे परमेश्वराचे म्हणून आले. मधुराभक्तीत पुरुष भक्त स्वतःस स्त्री कल्पितो हेही आम्हांस नवे नाही. तेव्हा श्रेबरला संतमालिकेत बसवावे असे कोणा रसिकाच्या मनात येईल. आम्ही त्यास विनंती करू की, तसे करू नये. गोविंदप्रभूंच्या सभोवती त्यांना जपणारा एक समाज होता आणि लीळा लिहिणारा दुसरा होता. श्रेबर स्वतः लिहितो, आणि लिहितो की, मला यातना होत आहेत, मला घरी जाऊ द्या. जो मनुष्य सुटकेचा अर्ज करीत आहे त्याच्या गळ्यात हार घालणे ही सहृदयता खास नव्हे.

एलिन सॅक्सच्या पुस्तकाकडे येताना प्रथम त्याचा दोष सांगून टाकतो. हे पुस्तक अमेरिकन यशोगाथेच्या साच्याला पुष्कळ अंशी धरून आहे : सुखवस्तू घर, व्हँडरबिल्ट, शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्ड, मग येल, मग दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात कायद्याचे अध्यापन, मनाजोगा विवाह. पुस्तक निघाल्यानंतर दोन वर्षांनी, २००९ साली, तिला मॅकआर्थर सन्मानही मिळाला. आठवड्यातून अनेक वेळा मनोविश्लेषकाकडे जाणे तिला वर्षानुवर्षे परवडले. हे किती जणांच्या आवाक्यातले? सर्व रोगी तिच्यासारखे होतील असे जो सांगेल तो कुटुंबांची फसवणूक करील. परंतु तिच्याविषयीही वैद्यांचा होरा असाच निराशेचा होता, हे विसरता येत नाही. येलमध्ये तिच्या कागदावर जे निदान पडले त्याच्यापुढे भवितव्य गंभीर असल्याचा शेरा होता.

दोष सांगितला, आता गुण. श्रेबरच्या पुस्तकात आपण भ्रमाच्या आत असतो. सॅक्सच्या पुस्तकात त्याच्या उंबरठ्यावर उभे राहतो, आणि मन निसटते कसे हे टप्प्याटप्प्याने पाहतो. येलमधील पहिल्याच सत्रात, एका शुक्रवारी रात्री, दोन सहाध्यायांबरोबर एक टिपण तयार करावयाचे असते. ती त्यांना घेऊन विधिग्रंथालयाच्या छपरावर जाते आणि असंबद्ध बोलू लागते. वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत, शब्द ओळखीचे आहेत, केवळ एकाचा दुसऱ्याशी संबंध उरलेला नाही. त्या दोघांचे चेहरे कसे बदलत गेले हे तिला दिसते, का बदलत आहेत हे कळत नाही. आपल्या विचारांनी आपण लक्षावधी माणसे मारली आहेत, ही समजूत तिला वर्षानुवर्षे छळते. सॅक्स हे सांगताना कोठेही आवाज चढवीत नाही. हे तिचे मोठे सामर्थ्य.

त्यानंतर तिला रुग्णालयात हातपाय बांधून ठेवण्यात आले; एका वेळी कित्येक तास. पुस्तकातील सर्वांत टोचणारा प्रसंग मात्र त्या खाटेवरचा नाही. तो पुढचा आहे. बरी होऊन परत आल्यावर ती विद्यार्थिनी म्हणून ह्याच विषयावर, रुग्णास बांधण्याच्या प्रथेवर, लेख लिहावयास घेते. त्या विषयातील एका जाणत्या प्राध्यापकांस ती विचारते की, असे बांधले जाणे अतिशय अपमानास्पद वाटत असेल, नाही का? ते तिला समजावतात की, ही माणसे तुमच्या-आमच्यासारखी नसतात. त्यांना ते तसे लागत नाही. समोर कोण बसले आहे हे त्यांस ठाऊक नाही, आणि ते सांगण्याचे धैर्य तिला त्या क्षणी झाले नाही. लेख १९८६ मध्ये येलच्या विधिपत्रिकेत छापला गेला. आपले नाव त्या आजाराशी उघडपणे जोडण्यास तिला आणखी वीस वर्षे लागली. वेडाविषयी आजवर जे निर्दय बोलले गेले ते बहुधा असे सौम्य स्वरात, सद्भावनेने आणि अधिकारवाणीने बोलले गेले आहे.

औषधांविषयीची तिची प्रकरणे प्रत्येक घराने वाचावी. क्लोरप्रोमाझिनचा उपयोग ह्या आजारावर पॅरिसमध्ये १९५२ साली प्रथम झाला. श्रेबरच्या काळी असे काहीच नव्हते. सॅक्सच्या हाताशी औषधे होती, आणि ती पुनःपुन्हा सोडून देत होती. गोळी घेणे म्हणजे आपण आजारी असल्याची कबुली, आणि गोळीवाचून राहणे म्हणजे आपण खरे कोण ते सिद्ध करणे, असा तिचा हिशेब. प्रत्येक वेळी ती कोसळते. ‘बरे वाटू लागले की औषध का सोडतो?’ असे रोग्यास रागाने विचारणाऱ्या आईबापांस ह्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळेल, आणि ते उत्तर हट्टाचे नसून स्वाभिमानाचे आहे हे पाहून त्यांचा राग कदाचित निवळेल. अखेर ती औषध नेमाने घेऊ लागते, आणि मग तिला आढळते की, आजार मान्य केल्यापासून तो आयुष्यातली कमी जागा अडवितो. तिला तारले कशाने? औषध, जाणती मनोविश्लेषक मंडळी, पतीसह थोडी जिवाभावाची माणसे, आणि काम. कामाविषयी ती फार आस्थेने लिहिते. मन इतरत्र कोसळत असताना कायद्याची अवघड गुंतागुंत सोडविणारा त्याचा भाग सर्वांत शेवटी जातो आणि सर्वांत आधी परत येतो, असा तिचा अनुभव. श्रेबरच्या अपिलास हे किती जवळचे आहे!

इकडे आमच्या देशात ह्या विषयाचा कायदा कसा वाहत आला हे वाचक जाणतातच. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’ हा शब्द होता. तो १९८७ मध्ये गेला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक मनुष्य आपल्या उपचारांविषयी निर्णय घेण्यास समर्थ आहे असे गृहीत धरावयास सांगितले. विरुद्ध सिद्ध करावयाचे असेल तर ते सिद्ध करावे. ड्रेस्डेनच्या निकालाचाच हा वंशज. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी नोकरास काढता येत नाही किंवा खालच्या पदावर उतरविता येत नाही, अशी तरतूद १९९५ पासून आहे, २०१६ च्या कायद्यानेही ती राखली आहे, आणि मानसिक आजार तिच्या कक्षेत येतो. किती कचेऱ्यांत ही तरतूद आजारी सहकाऱ्यास कोणी आपण होऊन सांगितली असेल, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोडतो. हिंदू विवाह कायद्यात तर ह्या आजाराचा नावानिशी उल्लेख आहे. १९७६ च्या दुरुस्तीने घटस्फोटाच्या कारणांतील ‘मानसिक विकार’ या शब्दाच्या व्याख्येत स्किझोफ्रेनिया समाविष्ट झाला. तेव्हा पुष्कळांना वाटले असेल की, डॉक्टरचा कागद आणला की काम झाले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या एका निकालात स्पष्ट केले की, नुसते नाव पुरेसे नाही. आजाराची तीव्रता इतकी आहे काय की जोडीदाराने एकत्र राहण्याची वाजवी अपेक्षाच करता येऊ नये, हे पाहिले पाहिजे. आजार एक आणि असमर्थता दुसरी. झोनेनश्टाइनच्या रोग्याने जो भेद हट्टाने मांडला होता तोच हा.

घरच्यांची बाजू ह्या दोन्ही पुस्तकांत अपुरी आहे, हे मान्य केले पाहिजे. ती पाहावयाची असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट पाहावा. त्यातला अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष जितका लक्षात राहतो तितकीच त्याची बहीण सीना लक्षात राहते : भावास सांभाळणारी, थकणारी, स्वतःच्या संसारात ओढाताण सोसणारी. श्रेबरच्या पत्नीचे असे चित्र आम्हांस कोणी दिलेले नाही. नऊ वर्षे ती इस्पितळाच्या वाऱ्या करीत होती आणि पतीस कधी कधी तीही क्षणिक आकृती वाटत होती, एवढेच आम्ही जाणतो.

श्रेबरच्या पुस्तकाचे तिसरे प्रकरण छापलेलेच नाही. त्यात तो आपल्या कुटुंबीयांविषयी लिहिणार होता. प्रकरण सुरू होते, पहिल्या काही ओळी येतात, आणि पुढील मजकूर छापण्यास अयोग्य ठरल्याने गाळला आहे अशी एक सूचना येते. विश्वाचा नाश, ईश्वराचे किरण, स्वतःचे स्त्रीत रूपांतर हे सर्व छापण्यास योग्य ठरले. न्यायालयाने देखील हरकत घेतली नाही. घराविषयी जे होते ते मात्र बाहेर आले नाही. ग्रंथाची जी प्रत आम्ही वाचली तीत दुसऱ्या प्रकरणानंतर ते अर्धे पान येते आणि त्यानंतर थेट चौथे प्रकरण सुरू होते.